क्लाउन माशाची मादी गेली, एकट्या नरासाठी नवीन मादी आणली तर जीवघेणी मारामारी.. मदत करा

खारट_पाणी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबड लावतो पण पूर्ण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझी १५० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची) आहे, चालू होऊन तीन वर्षं झाली. त्यात ओसेलारिस जातीच्या क्लाउनची जोडी होती. बोटाच्या पेराएवढी पिल्लं असताना दोन एकदम आणलेली, वाढता वाढता एक मोठी झाली एक लहान राहिला आणि जोडी आपोआप जमली, मला काही म्हणजे काही करावं लागलं नाही. आठ महिन्यांपूर्वी मोठी, म्हणजे मादी, रात्री टाकीतून उडी मारून बाहेर पडली. सकाळी फरशीवर वाळून कडक झालेली सापडली. चूक माझीच, साफसफाई केल्यावर वरची जाळी परत बसवायची राहून गेली होती.

नर एकटा राहिला. पहिले काही दिवस हॅमर कोरलच्या (एक प्रवाळ) बाहेरच येत नव्हता बिचारा, खाणं टाकलं की अर्ध्यात येऊन परत आत. नंतर हळूहळू सावरला आणि आता तर चांगलाच गुटगुटीत झालाय, मला वाटलं एकटाच सगळं खातोय म्हणून सुटलाय.

तर गेल्या आठवड्यात एक ओळखीचे टाकी बंद करत होते, त्यांच्याकडे ९ सेंटीमीटरची मादी होती. मादीच आहे याची खात्री कारण तिने त्यांच्याकडे अंडी घातली होती, तिचा नर मेला होता. म्हटलं आपल्याकडे विधुर आहे, त्यांच्याकडे विधवा आहे, काम झालं. तासभर थेंब थेंब पाणी घालून सवय केली आणि सोडली टाकीत.

पाच मिनिटं काही नाही. मग हॅमरमधून माझा नर जो सुटला तो सरळ तिच्या अंगावर. दोघांनी एकमेकांचे जबडे धरले आणि तशीच गोल गोल फिरत खाली वाळूपर्यंत गेली. सोडवायला मी जाळी घातली तर दोघं दोन दिशांना आणि जाळी काढली की परत सुरू. आज तिसरा दिवस, तिच्या शेपटीचा वरचा कोपरा फाटलाय, एका बाजूचे खवले निघालेत, हीटरच्या मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकून असते आणि काल रात्रीपासून खाल्लेलं नाही. माझ्या नराला ओरखडासुद्धा नाही.

सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५, तापमान २६, अमोनिया नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. म्हणजे पाण्याचा प्रश्न नसावा.

मला कळत नाहीये ते हे की क्लाउनमध्ये मादी दादागिरी करते ना? इथे नर मादीला मारतोय, हे उलटं कसं? आणि थोडे दिवस थांबलो तर आपोआप जमेल का? एकाने सांगितलं अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्रजीव) आण म्हणजे दोघं त्यात राहतील आणि भांडण मिटेल. आणू का?

---

टाकीवाला

चर्चा नंतर, आधी तिला बाहेर काढा. आज, आत्ता. खाणं सोडलेला आणि पृष्ठभागाशी लटकलेला क्लाउन दोन दिवसांत जातो, मी पाहिलंय.

दिवसा जाळीने पकडायला जाल तर सगळे खडक हलवावे लागतील आणि तरी हाती लागणार नाही. दिवे बंद झाल्यावर तास दोन तास थांबा, क्लाउन झोपतात आणि रोज त्याच जागी झोपतात. बारीक टॉर्च घेऊन जा, नवीन मासा कोपऱ्यातच असणार, एखादं स्वच्छ प्लॅस्टिकचं भांडं हळूच खाली नेऊन पाण्यासकट उचला. जाळी नको, फाटलेल्या शेपटीला आणखी लागेल.

वेगळी टाकी नसेल तर भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा त्याच टाकीत टांगून ठेवा. पाणी खेळतं राहिलं पाहिजे एवढंच.

---

भरतीओहोटी

टाकीवाला यांनी सांगितलंय ते आधी करा, मग हे वाचा.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे हो. उलटं काही झालेलं नाही. मादीच दादागिरी करतेय. तुमच्या टाकीत नर नाहीये, आठ महिन्यांपूर्वी होता.

क्लाउनची सगळी पिल्लं लिंग न ठरलेली असतात. पक्की झाली तर आधी नर होतात आणि गटात जो सगळ्यात वरचा तो मादी होतो. वरची मादी असेपर्यंत तिच्या खालचा नर नरच राहतो कारण ती त्याला सतत दाबून ठेवते. ती गेली की दाब गेला. वागणं लगेच बदलायला लागतं, शरीर मागून येतं, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. तुमच्याकडे तर आठ महिने झाले, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय "गुटगुटीत झालाय". ते खाऊन सुटणं नाही, ती मादी होण्याची वाढ आहे. शेपटीपर्यंत मोजून बघा, जोडी असताना होता त्यापेक्षा दोनेक सेंटीमीटर तरी वाढला असेल.

हे मी मनाचं सांगत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये नेचर या नियतकालिकात हेच मांडलं होतं, की मादी आक्रमकपणाच्या जोरावर खालच्यांना मादी होऊ देत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हा रस्ता एकेरी आहे. नराची मादी होते, मादीचा परत नर कधीच होत नाही. म्हणजे तुमच्या टाकीत आता दोन माद्या आहेत, आणि एका घरात दोन मालकिणी. थांबल्याने, अंधार केल्याने, आरसा लावल्याने, खडक हलवल्याने यातलं काहीही बदलणार नाही. एक मरेपर्यंत चालेल ते.

---

खारट_पाणी

ताई तुमचं वाचून मी पट्टी घेऊन काचेसमोर उभा राहिलो. साडेआठ सेंटीमीटर!! जुने फोटो काढून बघितले, जोडी असताना मादीशेजारी जेमतेम साडेसहाचा दिसतोय. रोज बघत होतो म्हणून कळलंच नाही.

काल रात्री टॉर्चची युक्ती जमली, पहिल्याच प्रयत्नात. आता ती डब्यात आहे, टाकीच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी थोडं खाल्लं. माझा नर.. म्हणजे माझी मादी.. डब्यासमोर येऊन तोंड आपटतेय. आठ महिने "तो" म्हणत होतो, सवय जाईना.

---

निळाई

इतकं घाबरवू नका त्यांना. माझ्याकडे दोन मोठे क्लाउन वेगवेगळ्या ठिकाणचे एकत्र सोडले होते, तीन चार दिवस पाठलाग झाला मग जोडी जमली, आता दीड वर्ष झालं. डब्यात आठवडाभर ठेवून सोडा, सवय होते माशांना. माझं तर मत आहे की माणसं उगाच मध्ये पडतात.

---

भरतीओहोटी

निळाई, तुमचे दोन्ही किती मोठे होते आणि त्याआधी कोणाबरोबर होते? कारण "मोठा" म्हणजे "मादी" नाही. दुकानातल्या टाकीत वीस तीस क्लाउन दाटीने ठेवलेले असतात, त्यात सहा सेंटीमीटरचा मासासुद्धा अजून मादी झालेला नसतो कारण गर्दीत कोणालाच वर जाता येत नाही. तसे दोन आणले तर थोडी झटापट होऊन एक वर जातो एक खाली राहतो, जोडी जमते. तुमचं तेच झालं असणार.

यांची गोष्ट वेगळी. एक आठ महिने एकटी राज्य करत होती. दुसरीने अंडी घातलेली आहेत. दोन्ही पक्क्या. इथे डबा उघडायची चूक करू नका.

---

निळाई

माझे दोन्ही पाच साडेपाचचे होते, एकाच टाकीतून आणलेले नव्हते पण दोन्हीकडे गर्दी होती खरी. बरं, मुद्दा मान्य. पण माणसं उगाच मध्ये पडतात हे माझं मत कायम आहे 😄

---

प्रवाळप्रेमी

जोडीवर ताईंनी सांगितलंय, मी अ‍ॅनिमोनवर बोलतो कारण त्यात माझे हात पोळलेत.

समुद्रात क्लाउन अ‍ॅनिमोनशिवाय जगत नाही हे खरं, कारण बाहेर पडला की कोणीतरी गिळणार. टाकीत गिळायला कोणी नाही. त्यामुळे अ‍ॅनिमोन ही त्याची गरज नाही, आपली हौस आहे. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत पैदास झालेल्या क्लाउनना तर कधीकधी अ‍ॅनिमोन दिला तरी ओळखत नाहीत, आणि नाही दिला तर जे सापडेल त्यात घर करतात. तुमचा हॅमरमध्ये राहतोय. माझी जोडी दोन वर्षं पॉवरहेडच्या (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) मागे झोपायची, बाजूला सुंदर टोडस्टूल लेदर कोरल रिकामं. मासे आपल्याला विचारून घर करत नाहीत.

भांडण मिटायचं सोडा, वाढेल. अ‍ॅनिमोन म्हणजे राखायला इलाखा. आज ती हॅमर राखतेय, उद्या अर्धी टाकी राखेल.

आता माझी गोष्ट. पाच महिन्यांच्या टाकीत मी बबल टिप अ‍ॅनिमोन आणला. लोकांनी सांगितलं होतं निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर टाकी मुरू दे, मी ऐकलं नाही. पहिले दोन दिवस फुलून छान बसला. तिसऱ्या रात्री पाय सोडून चालायला लागला. जागा पसंत पडली नाही की ते चालतात, आणि प्रवाहाबरोबर वाहत गेला तो थेट पॉवरहेडच्या तोंडात. पहाटे उठलो तर टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं, पॉवरहेडच्या जाळीतून तपकिरी चिंध्या लोंबतायत आणि खोलीभर असा वास की खिडक्या उघडल्या. एक गोबी आणि दोन क्रोमिस मासे मेले होते. क्लाउन वाचले कारण ते पृष्ठभागाजवळ होते असं मला वाटतं. त्या दिवशी अर्धं पाणी बदललं, कार्बन टाकला, दुसऱ्या दिवशी परत पाव. कोरलं सावरायला महिना गेला.

तुमची टाकी तीन वर्षांची आहे त्यामुळे पुढेमागे आणायचाच तर आणा, पण पॉवरहेडला फोमचं किंवा बारीक जाळीचं कव्हर घालून, आणि तो आधी कुठे बसतोय ते कळेपर्यंत हॅमरपासून लांब. चालता चालता कोरलाला डंख मारतो तो. आणि हे सगळं जोडी जमल्यावर. आत्ता नाही.

जाता जाता, ओसेलारिसचं समुद्रातलं घर बबल टिप नसतंच. मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय हे तीन अ‍ॅनिमोन. ते टाकीत सांभाळणं बबल टिपपेक्षा कितीतरी अवघड, त्यांच्या वाटेला जाऊ नका. टाकीत ओसेलारिस बबल टिप स्वीकारतो पुष्कळदा, पण स्वीकारेलच असं नाही.

---

नवशिक्या_रीफर

मधेच विचारतो, राग मानू नका. मी मरून जातीच्या क्लाउनची जोडी आणायचा विचार करत होतो, त्यांनाही हेच लागू का? आणि ओसेलारिस आणि पर्क्युला या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या कशा, मला तर सगळे सारखेच दिसतात.

---

टाकीवाला

मरूनला हेच लागू पण दसपट. सगळ्या क्लाउनमध्ये भांडकुदळ तोच. मादी १५ सेंटीमीटरपर्यंत जाते आणि नर तिच्या अर्ध्याहून लहान. आकारात असा जमीनअस्मानाचा फरक नसेल तर एकत्र सोडूच नका. पहिलाच क्लाउन असेल तर मरून नको, ओसेलारिस घ्या.

ओळखायला पाठीवरच्या पंखाचे पुढचे टणक काटे मोजा, ओसेलारिसला बहुतेक ११, पर्क्युलाला १०. जिवंत माशावर मोजता येत नाहीत, फोटो काढून मोठा करून बघायचे. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना काळी किनार जाड असते हे वरवरचं लक्षण, पण हल्ली पैदास करून इतके रंग काढलेत की त्यावर विसंबू नका.

---

खारट_पाणी

काका अ‍ॅनिमोन रद्द. तुमचं ताक वाचूनच पोटात गोळा आला.

ज्यांच्याकडून मादी आणली त्यांना फोन केला, त्यांची टाकी विकली गेली पण घेणाऱ्यांना क्लाउन हवाच होता, त्यांच्याकडे लहानसा एक आहे. शेपटी भरून आली की ती तिकडे जाणार. तोवर दोन आठवडे डब्यातच, रोज दोनदा खायला देतोय. डब्याची भोकं शेवाळाने बुजतात ती जुन्या टूथब्रशने घासतो.

आता माझ्या मालकिणीसाठी काय करू? एकटीच ठेवू की नवीन आणू? आणायचा तर केवढा? परत तसंच झालं तर माझ्याच्याने बघवणार नाही.

---

भरतीओहोटी

एकटी राहिली तरी काही बिघडत नाही, क्लाउन एकटा छान जगतो. पण जोडीच हवी असेल तर आता काम सोपं आहे, कारण तुम्हाला निदान माहितीये की तुमच्याकडे काय आहे.

टाकीत पैदास झालेलं पिल्लू घ्या, तीन सेंटीमीटर, साडेतीनच्या वर नको. इतकं लहान की त्याचं काहीच ठरलेलं नाही. तिला ते प्रतिस्पर्धी वाटत नाही आणि पिल्लूही मान खाली घालायला तयार असतं. एकच आणा. दोन आणले तर एक जोडीदार होतो आणि दुसऱ्याला दोघं मिळून मारतात.

आधी क्वारंटाइन. साधी वीस तीस लिटरची टाकी, हीटर, मुरलेला (आधी चालू टाकीत राहिलेला) स्पंज फिल्टर, लपायला प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा. चार आठवडे. कंटाळा येतो, माहितीये, तरी चार आठवडे. क्लाउनला ब्रूक्लिनेला नावाचा आजार होतो, अंगावर पांढरट चिकट बुळबुळीत थर दिसतो, मासा धापा टाकतो आणि एक दोन दिवसांत जातो. त्यावर तांब्याचं औषध चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं, आणि ते हातमोजे घालून मोकळ्या हवेतच हाताळायचं. वेल्व्हेट आणि खाऱ्या पाण्यातला इच हे आजार मात्र तांब्याने आटोक्यात येतात. यातलं काहीही मुख्य टाकीत करायचं नाही, तांब्याने तुमची कोरलं आणि गोगलगायी खलास. म्हणून तर वेगळी टाकी. (मागच्या वेळी मोठी मादी तासाभरात थेट टाकीत सोडलीत, त्याबद्दल मी काही बोलले नाही, पण लक्षात आलं होतं बरं का.)

मग तुमचा तो डबा परत टांगा आणि पिल्लू त्यात, हॅमरच्या जवळ. आठवडाभर फक्त बघा. ती पहिल्या दिवशी डब्यावर धावून जाईल. पिल्लू काय करतं ते महत्त्वाचं. ते जर तिच्यासमोर एका कुशीवर कलून अंगभर थरथरलं, जणू झटका आलाय असं, तर घाबरू नका, तोच शरणागतीचा इशारा. "तूच मोठी, मी कोणी नाही." ते दिसलं आणि तिने डब्यावर आपटणं सोडलं की संध्याकाळी दिवे बंद व्हायच्या सुमारास सोडा.

सोडल्यावर पाठलाग होणार, चावे होणार, पिल्लाच्या पंखाला एखादा खाचा पडेल. ते चालतं. दिवसभर कोपऱ्यात पृष्ठभागाशी, खाणं बंद, पंख फाटतच चाललेत, हे चालत नाही, परत डब्यात. दुसऱ्यांदा आठवडाभराने सोडायचं. मला एकदा चार वेळा करावं लागलं होतं.

---

प्रवाळप्रेमी

ताईंच्या थरथरण्यात थोडी भर. डब्याजवळ कान नेऊन ऐका, तिचा टिक टिक असा आवाज येईल, नखावर नख आपटल्यासारखा. कल्पना नाही ही, २००७ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलंय, क्लाउन जबडा झटक्यात मिटतो आणि दातांवर दात आपटून आवाज येतो. दम द्यायचा असतो तेव्हा जास्त. स्किमर (पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि पंप दोन मिनिटं बंद केले की स्पष्ट ऐकू येतं. फक्त परत चालू करायला विसरू नका, मी एकदा रात्रभर विसरलोय.

आणि एक गंमत. पिल्लू मुद्दाम लहान राहतं. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत पर्क्युलाच्या गटांवर काम करून २००३ मध्ये दाखवलं की खालचा मासा स्वतःची वाढ आवरून धरतो, वरच्याच्या फार जवळ जाईल इतका वाढतच नाही, कारण वाढला तर हाकलला जाणार. समुद्रात हाकलणं म्हणजे मरण. त्यामुळे सहा महिन्यांनी "पिल्लू वाढतच नाहीये, आजारी आहे का" असा धागा काढू नका, तो शहाणपणा करतोय.

---

खारट_पाणी

नऊ आठवड्यांनी येतोय. सगळं क्रमाने सांगतो.

मोठी मादी नव्या घरी पोचली, तिकडच्या लहानग्याने पहिल्याच दिवशी कुशीवर पडून दाखवलं म्हणे. शेपटी पूर्ण भरली नव्हती पण कडा पांढरी नव्हती, नवीन पारदर्शक पडदा फुटत होता.

पिल्लू आणलं, ३ सेंटीमीटर, एका हौशी माणसाने घरी पैदास केलेलं. चार आठवडे क्वारंटाइन पाळलं ताई, शपथ. दुसऱ्या आठवड्यात गडबड झाली, त्या छोट्या टाकीत अमोनिया ०.५ दाखवायला लागला कारण मी स्पंज नवा कोरा लावला होता, मुरलेला नाही. तुम्ही लिहिलं होतं "मुरलेला", मी वाचलं आणि विसरलो. रोज अर्धं पाणी बदलत सहा दिवस काढले आणि मुख्य टाकीच्या मागच्या कप्प्यातला मुरलेल्या दगडाचा तुकडा टाकला तेव्हा उतरला.

मग डबा. पहिले दोन दिवस हिने आपटून आपटून नाक पांढरं करून घेतलं. टिक टिक ऐकली काका!! पंप बंद करून आम्ही घरातले चौघं टाकीला कान लावून बसलो होतो. पिल्लू तिसऱ्या दिवशी थरथरलं. ताई तुम्ही सांगितलं नसतं तर मी नक्की मेलं म्हणून डब्यात हात घातला असता, आडवं होऊन अंगातून वीज गेल्यासारखं करतं ते.

सातव्या दिवशी सोडलं. पंधरा मिनिटं पाठलाग, मग पिल्लू थेट टाकीच्या दुसऱ्या टोकाला. मी परत पकडायच्या तयारीत. रात्री अकराला टॉर्च घेऊन बघितलं तर ही हॅमरमध्ये आणि ते हॅमरच्या खाली दगडाच्या खोबणीत, वीतभर अंतरावर. आठवडाभर तसंच चाललं. मग एका सकाळी दोघं हॅमरमध्ये, ती मधोमध आणि ते काठाला.

आता प्रश्न. अंडी कधी? 😄

---

भरतीओहोटी

वा! छान बातमी दिलीत.

अंड्यांची घाई नको. तुमची मादी तयार असेल पण तो अजून शाळकरी आहे, त्याला नर व्हायला वर्षभर तरी द्या, जास्तही लागेल. वेळ आली की दोघं हॅमरजवळचा एखादा दगड किंवा काचेचा तुकडा तोंडाने घासून लख्ख करायला लागतील, तीच खूण. हवं तर मातीची छोटी कुंडी आडवी ठेवून बघा, पुष्कळांच्या जोड्यांना आवडते. पहिल्या एक दोन वेळची अंडी आईबापच खाऊन टाकतात, वाईट वाटून घेऊ नका, शिकतात ते. नंतर तोच राखतो, पंखांनी वारा घालतो, खराब अंडी उचलून टाकतो, ती फक्त देखरेख करते. २६ डिग्रीला आठवडाभरात, दिवे बंद झाल्यावर तासा दोन तासांत फुटतात.

पण पिल्लं वाढवायची असतील तर अंडी दिसायच्या आधी रोटिफर (पिल्लांना खायला घालायचे सूक्ष्म जीव) हाताशी हवेत आणि रोटिफरला खायला शेवाळ हवं. नव्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक की नुकते फुटलेले ब्राइन श्रिम्पसुद्धा मावत नाहीत. अंडी फुटल्यावर रोटिफर शोधायला निघालेली माणसं मी खूप पाहिली आहेत, मी त्यातलीच एक. त्यासाठी वेगळा धागा काढू वेळ आली की.

---

निळाई

अभिनंदन. आणि हो, जाळी बसवा आधी.

---

खारट_पाणी

जाळी बसवली, आता चारही बाजूंनी क्लिपा आहेत 🙏

एक सांगायचं राहिलं. काल पुढची काच घासत होतो, मॅग्नेट हॅमरच्या बाजूला अडकला म्हणून हात घातला. मनगटावर खटकन चावली. अंगठ्याशेजारी बारीक लाल अर्धगोल उठलाय. आठ महिने एकटी असताना एकदाही चावली नव्हती, हातातून खायची. ते पिल्लू तिच्या मागे लपून बघत होतं. आधीची, जी उडी मारून गेली ना, ती अगदी त्याच जागी चावायची मला.